पेटीच्या पट्टीला काय कळतं?

वरुडात पियानो शोधायला निघाल तर थकाल, पण भजनी मंडळाची पेटी चटकन सापडेल. म्हणून पट्ट्यांखाली घरगुती सेन्सर लावण्याची ही गोष्ट आज पेटीपर्यंत नेऊ.

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. आवाज किती मोठा, ते तिच्या वेगावर ठरतं. १९०४ साली जर्मनीत वेल्टे-मिन्यों आलं. वादकाचं वादन कागदाच्या गुंडाळीवर भोकांच्या रूपात साठवायचं. १९८३ साली मिडी आलं. आता सूर म्हणजे आकडे: कोणती पट्टी, आणि किती वेगाने. घरी सेन्सर बसवणारेही तेच करतात. पट्टीच्या वाटेत दोन ठिकाणं धरायची, मधला वेळ मोजायचा. वेळ कमी तर सूर जोरात.

पेटीला हे लावून बघा, फसतं! कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास हातपेटी घडवली, तिच्यात पट्टी फक्त हवेची वाट उघडते. हळू दाबा की आपटा, सूर तेवढाच. लहानमोठं करणारा डावा हात, भात्यावरचा. म्हणजे आधी भात्यातल्या हवेचा दाब मोजायला हवा.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती जवळपास तीन दशकं टिकली. मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप. तो खोटा नव्हता. पट्टी उघडी नाहीतर बंद. पण खंजिरीच्या ठेक्यावर आपले पेटीवाले भात्याला जो झटका देतात ना, तो पट्टीखालच्या सेन्सरला दिसतच नाही.