शरणपूरच्या एका विद्यार्थ्याचें हस्ताक्षर

नाशिकच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे पांडवलेण्यांतील शिलालेख, पेशवाईंतील कागद आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांकडेच संशोधकांचें लक्ष प्रथम जातें, व तें योग्यही आहे. परंतु नाशिकांत वळण लागलेल्या एका हस्ताक्षराची रोजनिशी स्कॉटलंडांत ब्लँटायर येथें, प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या जन्मस्थानच्या संग्रहालयांत, जपून ठेविलेली आहे. लेखक जेकब वेनराइट. १८७४ सालीं तिचें जर्मन भाषांतर छापलें गेलें; मूळ प्रतीच्या प्रतिमा २०१९ सालीं अभ्यासकांस खुल्या झाल्या. तिचा लेखक कोण, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ च्या सुमारास नाशिकानजीक शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. इंग्रजी आरमारानें हिंदी महासागरांत गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें १८६० पासून येथें येऊं लागलीं. त्यांस लेखनवाचन, सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नांवें मिळत व जन्मनांवें मागें पडत. वेनराइट हा याओ जमातीचा, यांपैकींच एक. पायांतील बेडी तुटली, तरी देश, भाषा व नांव यांपैकीं कांहींच या मुलांनीं स्वतः निवडलेलें नव्हतें. अशा सुटकेस पूर्ण स्वातंत्र्य म्हणणें आम्हांस कठीण वाटतें.

१८७२ सालीं वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या तांड्यांत गेला. मे १८७३ मध्यें चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. धनी गेला, अडविणारा कोणी उरला नाहीं; पांगून जाणें सर्वांत सोपें होतें. परंतु सुसी व चुमा यांच्या पुढारपणाखालीं त्या माणसांनीं शव समुद्रापर्यंत नेण्याचें ठरविलें. काळीज झाडाखालीं पुरलें; त्या वेळीं प्रार्थना वेनराइटनें वाचली, व झाडावर लेखही त्यानेंच कोरला. पुढें वृत्त कळविणारें पत्रही त्याच्याच हातचें. ऑक्टोबरांत उन्यान्येंबे येथें लेफ्टनंट कॅमेरन भेटला व शव तेथेंच पुरण्याचा सल्ला त्यानें दिला. ज्या आरमारानें अशा मुलांस सोडविलें, त्याच आरमाराचा हा अधिकारी. तांड्यानें त्यास नकार दिला. ताप, उपासमार व वाटेंतील वैर सोसून, हजार मैलांहून अधिक मजल मारून, फेब्रुवारी १८७४ मध्यें तीं माणसें बागामोयोस पोंचलीं.

हें सर्व केवळ ख्रिस्ती श्रद्धेचें फळ, असें आम्ही म्हणत नाहीं. सुसी त्या वेळीं मुसलमान होता. त्याचा बाप्तिस्मा १८८६ सालचा. तथापि वेनराइटपुरतें पाहतां, संकटांत त्यानें हातीं घेतलें तें प्रार्थनापुस्तक व लेखणी. हीं दोन्ही शरणपुरास मिळालेलीं. ख्रिस्ती शिकवणुकींत मुक्ति ही राजाज्ञेनें येत नाहीं, अंतःकरणांत येते. व ती आलेला मनुष्य भीतीनें नव्हे तर प्रीतीनें ओझें वाहतो. कॅमेरनला दिलेला नकार त्या कसोटीस उतरतो, असें आमचें मत आहे.

एका पाठभेदाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या शिलेवर मृत्युतिथि १ मे आहे. वेनराइटनें झाडावर कोरली ती ४ मे. शिलेवर वाहून आणणाऱ्यांच्या निष्ठेचा गौरव आहे, नांवें नाहींत. झाडावर तांड्यांतील तिघांचीं नांवें होतीं. ज्याचें स्वतःचें जन्मनांव हरपलें, त्यानें सोबत्यांचीं नांवें राखलीं. १८ एप्रिल १८७४ रोजीं त्या ॲबींत शवपेटीबरोबर मान्यवरांच्या पंक्तींत तो चालला.

शरणपूरचाच दुसरा विद्यार्थी विल्यम जोन्स. मोंबासाजवळील राबईस तो मिशनच्या कामावर असतां पळून आलेल्या शेंकडों गुलामांस तेथें आसरा मिळाला, व १८८९ च्या आरंभीं त्यांस मुक्तिपत्रें देण्यांत आलीं. दुसऱ्यांनीं सोडविलेला मनुष्य इतरांस सोडवूं लागला, म्हणजे त्याची स्वतःची सुटका पुरी झाली.

वेनराइट १८९२ सालीं उरांबो येथें वारला. नाशिकांत शरणपूर हें नांव आज एका रस्त्यास आहे. नाशिकच्या साधनांच्या यादींत या रोजनिशीची नोंद अवश्य व्हावी.