खेडवळाला हसणे, खेडवळाबरोबर हसणे

अमेरिका म्हटली की आपल्याला उंच इमारतीच आठवतात. पण मंडळी, तिथल्या करमणुकीच्या इतिहासात खेडवळ माणूस पहिल्यापासून ठाण मांडून बसलेला आहे.

१७८७ साली न्यूयॉर्कमध्ये रॉयल टायलर यांचे 'द कॉन्ट्रास्ट' हे नाटक आले. त्यातला जोनाथन हा गावाकडचा गडी नाटक बघून येतो, पण आपण नाटक पाहिले हेच त्याला कळत नाही! पडदा वर गेला तेव्हा शेजाऱ्याच्या घरात डोकावतो आहोत असे त्याला वाटते. हा भोळा गडी पुढे निरनिराळ्या नावांनी येतच राहिला.

१९२०च्या जनगणनेत अमेरिकेत प्रथमच शहरी लोक निम्म्याहून जास्त भरले. गाव सुटले, पण गावची ओढ सुटली नाही. ती भागवली रेडिओने. १९२५ साली नॅशव्हिलमध्ये सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम घरोघरी पोचला. १९४०पासून त्यात मिनी पर्ल येऊ लागली. तिच्या हॅटवर १.९८ डॉलरची चिठ्ठी तशीच लोंबत असे. खरी बाई म्हणजे सेरा कॉली, नाट्यशिक्षण घेतलेली, चांगली शिकलेली! 'लम अँड अ‍ॅब्नर' या श्रुतिकेची तर आणखी मजा. तिच्यातल्या काल्पनिक गावाचे 'पाइन रिज' हे नाव आर्कान्सामधल्या वॉटर्स नावाच्या खऱ्या गावाने १९३६ साली घेतले.

मग आला टीव्ही. १९६२च्या 'द बेव्हर्ली हिलबिलीज'मध्ये तेल सापडून श्रीमंत झालेले डोंगराळ मुलखातले कुटुंब थेट बेव्हर्ली हिल्सला राहायला जाते. पहिली दोन वर्षे ही मालिका लोकप्रियतेत पहिली होती. 'हिलबिली' या शब्दातच हेटाळणी आहे. पण मालिकेत हसे होते ते बरेचदा त्यांच्या पैशामागे लागलेल्या बँकवाल्याचे.

आणि याच काळात, १९६४ साली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केंटकीच्या डोंगरातले दारिद्र्य पाहायला गेले होते. पडद्यावरचे डोंगरी लोक लक्षाधीश, खरे डोंगरी लोक कंगाल!

१९७१ साली सीबीएसने अशा मालिका एकदम बंद केल्या. बघणारे पुष्कळ होते, पण जाहिरातदारांना शहरी तरुण प्रेक्षक हवे होते. 'ही हॉ' हा कार्यक्रम मात्र ठिकठिकाणच्या केंद्रांना थेट विकला जाऊन पुढे वीसेक वर्षे चालला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. खेड्यातल्या मुलाच्या बोलीवर वर्ग हसला की ते मूल आठवडाभर तोंड उघडत नसे. तेच मूल स्वतः नक्कल करू लागले की सगळा वर्ग त्याचा होई. मला वाटते, मिनी पर्ल आणि जोनाथन यांच्यात हाच फरक आहे. ती स्वतःच्या गावाचे किस्से गावाकडच्याच लोकांना सांगत होती. त्याला मात्र शहराने आपल्या हसण्यासाठी उभे केले होते.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.