पेवातली हवा : बेळगाव-निपाणी भागातलं धान्य आणि कीड

'अमुक गोष्टीचं पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो, पण खरं पेव पाहिलेली माणसं आता थोडीच उरली. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. कन्नडमध्ये त्यालाच हगेवू म्हणतात. जुना वाडा उतरवताना किंवा गावठाणात पाया खणताना अजूनही एखादं सापडू शकतं. म्हणून ते कसं चालायचं, याची ही नोंद.

आपल्या जिल्ह्याचे धान्य साठवण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. खानापूरकडे पाऊस फार, जमिनीत ओल. तिथे पेव टिकत नाही. त्यामुळे भात शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत ठेवायचं आणि लागेल तसं कांडायचं. वरचं टरफल शाबूत असलं की सोंड्यांना दाण्यात शिरणं जड जातं. पूर्वेला अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे पाऊस कमी आणि मुख्य पीक जोंधळा. तिथे घट्ट मुरमाच्या उंचवट्यावर पेव खणत. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून सारवून, वाळवून, कडब्याचा किंवा भुसकटाचा थर द्यायचा, जोंधळा भरायचा आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचं. १८७६-७७ च्या दुष्काळात हाच कोरडा भाग होरपळला. अशा मुलखात मागच्या सालचा दाणा किडीपासून वाचवणं म्हणजे माणसं वाचवणं होतं.

पेवात औषध काहीच नसे. बंद जागेत दाणे आणि किडे श्वास घेतात, प्राणवायू संपत येतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरतात. त्या धान्याला एक आंबूस वास येई आणि उगवण कमी होई. त्यामुळे बियाणं वेगळं ठेवत.

घरातल्या डब्यांची तऱ्हा निराळी. ते रोज उघडायचे. म्हणून उन्हाळ्यात बेगमीचं धान्य कडक उन्हात वाळवायचं, चाळायचं, डाळीला एरंडेल चोळायचं, कडधान्यात राख मिसळायची, कणगीत कडुलिंबाचा पाला घालायचा. राखेने किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं जातं आणि तो सुकून मरतो. कीड ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या. तांदळात सोंडवाला काळपट किडा, तो दाण्याच्या आतच अंडी घालतो. मुगा-चवळीवर पांढरे ठिपके आणि गोल भोकं दिसली की भुंगेरा. पिठाला जाळी धरली की पतंगाची अळी.

निपाणीत आणखी एक किडा. बिडीच्या तंबाखूच्या या पेठेत वखारवाल्यांचा जुना शत्रू म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, डोकं खाली वळवलेलं असल्याने पाठीत कुबड आल्यासारखा. ज्या तंबाखूच्या काढ्याने शेतातली कीड मारतात, तीच तंबाखू हा खाऊन वाढतो. आणि हाच भुंगेरा आपल्या तिखटाच्या, हळदीच्या, धण्यांच्या डब्यातही निघतो.

पुढे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्याला मारतो तसा माणसालाही, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी गोदामं आणि प्रशिक्षित माणसांपुरत्याच आहेत, घरात वापरायला परवानगी नाही. तरी कुणीतरी चार गोळ्या आणून पोत्यात टाकतो आणि त्याच खोलीत घरची माणसं झोपतात. पेव उघडल्यावर त्याला वारा खाऊ द्यायचा, लगेच उतरायचं नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. गोळीबरोबर तेवढी समज मात्र घरात आली नाही.

वाचकांना विनंती अशी. आपल्या गावात पेव असेल तर जागा, तोंडाचा दगड, स्थानिक नाव आणि ते शेवटचं कधी भरलं, एवढं लिहून ठेवा. वरून फोटो घ्या. आत मात्र उतरू नका. पूर्वी दिवा सोडून बघत, तो विझला तर कोणी उतरत नसे. पण दिवा जळत राहिला म्हणून हवा चांगली असेलच असं नाही. बराच काळ बंद असलेलं पेव रिकामं असलं तरी त्यात जीव जाऊ शकतो.