आजोबांचें घड्याळ

माझें आजोळ माहूरचें. रेणुकेच्या गडाच्या पायथ्याशीं मामांचें जुनें घर आहे. त्याच्या देवघरांत, कुंकवाच्या करंड्याशेजारीं, आजोबांचें एक मनगटी घड्याळ कित्येक वर्षें बंद पडून होतें. गेल्या वर्षीं मामांनीं तें माझ्या हातीं ठेविलें व म्हणाले, "भाचेबुवा, चालतें झालें तर तुमचें. न झालें तर परत आणून देवापुढें ठेवा." त्या घड्याळाचें कूळ शोधतांना जें हातीं आलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

ह्या घड्याळाविषयीं आमच्या घरांत दोन मतें होतीं. मामा म्हणत, निजामी राजवट गेल्यावर, म्हणजे १९४८ नंतर, आजोबांनीं तें मुंबईहून आणविलें. आजी निराळेंच सांगे. "लढाईच्या महागाईंत माझी एक पाटली गेली, तेव्हां हें घड्याळ आलें. हालीचे कलदार करून पैसे धाडावे लागले," असें तिचें म्हणणें. हाली म्हणजे निजामाचें नाणें व कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. सात हालीस सुमारें सहा कलदार पडत. आजोबा साधे पटवारी. पटवारी माणूस महागाईच्या दिवसांत बायकोची पाटली मोडून घड्याळ घेईल कशाला, असें म्हणून सर्वांनीं तिचें बोलणें हंसण्यावारी नेलें. पाटली मात्र घरांत एकच उरली होती, याचा विचार कोणीं केला नाहीं.

तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हें नांव, त्याखालीं मुंबई व कलकत्ता, आणि 'सोवार प्राइमा' हीं अक्षरें. ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या बाजारावर दृष्टि ठेवून निघाली. सोवार म्हणजे आपला स्वारच! रेल्वेचे नोकर, फौजेंतले शिपाई, कचेरींतले कारकून यांच्या मनगटावर हीं घड्याळें दिसत. मनगटी घड्याळ ही बायकांची हौस, पुरुषानें साखळीचें घड्याळच बाळगावें, ही समजूत १९१४ च्या महायुद्धानंतर मोडत गेली. खंदकांतल्या शिपायास खिशांत हात घालण्याची सवड नव्हती. एक गंमत येथेंच सांगतों. प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाली, तरी तबकडीवरचीं हींच दोन शहरें आपापली वेळ धरून बसलीं होतीं. कलकत्त्यानें ती १९४८ त सोडली, मुंबईनें १९५५ त. तोंवर मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें असे. माहूरचा सूर्य म्हणाल, तर तो आजहि सरासरीनें अठरा मिनिटें उशिरा माथ्यावर येतो.

परंतु तबकडीवरच्या नांवावरून घड्याळाचें कूळ कळतें, असें समजूं नये. आपल्या घरीं पितळी हंड्यावर नांव घालतात, तें देणाऱ्याचें वा घेणाऱ्याचें असतें; हंडा घडविणाऱ्या तांबटाचें नसतें. घड्याळांचेंहि बरेंचसें असेंच. आंतलें यंत्र एका कारखान्यांत होई आणि पुष्कळ कंपन्या तें विकत घेऊन आपापल्या नांवाच्या तबकडीखालीं बसवीत. ए. शिल्ड हा स्वित्झर्लंडांतील असाच एक मोठा कारखाना. म्हणून ओळख पटवावयाची तर मागचें झांकण उघडून, डोळ्यास भिंग लावून, यंत्रावरची खूण व क्रमांक पाहिले पाहिजेत. तो क्रमांक पुष्कळदां डुलणाऱ्या चाकाच्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत 'बॅलन्स'च्या, खालीं दडलेला असतो. सुटे भाग मिळतात ते त्या क्रमांकावरून; तबकडीवरच्या नांवानें नव्हे.

काळ ठरविण्याच्या खुणा निराळ्या. आमच्या घड्याळांत बॅलन्सच्या माथ्यावर वीणेच्या आकाराची इवलीशी कमान होती. घड्याळ पडलें तर आंसाचें टोंक मोडूं नये म्हणून केलेली ही इंकाब्लॉक नांवाची युक्ति १९३४ च्या सुमारास निघाली. तेव्हां घड्याळ त्यापूर्वींचें नव्हे. आंकड्यांवर अंधारांत चमकणारा रंग होता, पण तबकडीच्या तळाशीं, 'स्विस' ह्या शब्दाच्या दोहों बाजूंस, ट्रिटियमची खूण असलेलें 'टी' हें अक्षर नव्हतें. ही खूण १९६० नंतरच्या घड्याळांवर आढळते. त्याआधींचा रंग बहुधा रेडियमचा. त्याची चमक गेली म्हणजे रेडियम गेलें असें नव्हे. चमकणारें द्रव्य झिजतें, रेडियम निम्में व्हावयास सोळाशें वर्षें लागतात. असली तबकडी घरीं कोणीं खरवडूं नये. असा रंग भरतांना कुंचला ओठांत धरून टोंकदार करणाऱ्या अमेरिकेंतल्या मुली १९२० नंतरच्या दशकांत कशा दगावल्या, ती हकीकत प्रसिद्धच आहे.

म्हणजे १९३४ ते १९६०! ह्या अवधींत मामाहि बसत होते आणि आजीहि.

पहिल्यानें मी एका शहरांतल्या मोठ्या दुकानांत गेलों. दुकानदार म्हणाला, "तबकडी नवी रंगवून देतों, पाठ घांसून आरशासारखी करतों, लग्नांत घालण्याजोगें होईल." खरें सांगतों, मला मोह झाला. पाठीवर झिजलेल्या कांहीं रेघा होत्या, त्यांस मामा वेलबुट्टी समजत. घांसल्या असत्या तर काय बिघडलें असतें? पण दर ऐकून मी माघारा फिरलों. हें शहाणपण माझें नव्हे, माझ्या खिशाचें.

मग नांदेडच्या एका वृद्ध घडीसाजाकडे गेलों. त्यांनीं पाठ उजेडांत तिरकी धरली. एक उभी रेघ, मग दांतेरी आंकडी, मग बदामासारखा आकार, पुन्हा तीच आंकडी. "ही वेलबुट्टी कुठली साहेब? हे उर्दू आंकडे आहेत. तेराशें त्रेपन्न."

निजामी राज्याचा कारभार उर्दूंत चाले, हें मी जाणून होतों. तें घड्याळाच्या पाठीवर मला दिसलें नाहीं. आतां प्रश्न सालाचा. हिजरी १३५३ म्हणजे १९३४. फसली १३५३ म्हणजे ऑक्टोबर १९४३ पासूनचें वर्ष, कारण हैदराबादच्या फसली सालांत ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो. तेच आंकडे, आणि नऊ वर्षांचें अंतर! पण माहूर तेव्हां निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. नांदेडांत आलें तें १९५६ सालीं. तेथल्या पटवाऱ्याचें सारें दप्तर फसली सालावर चाले. शिवाय आजी लग्न होऊन माहुरास आली १९३९ त. तिची पाटली १९३४ त मोडणार कशी? फसलीच खरें. आणि १९४३ म्हणजे भर लढाईची महागाई.

दुरुस्तीचें काम घडीसाजांनीं माझ्यासमोर केलें. आधीं कमानीचा ताण हलकेच सोडला, कारण भरल्या कमानीनिशीं यंत्र खोललें तर दांते मोडतात. कांटे व तबकडी काढून ठेविली. झांकणाच्या आंतल्या बाजूस सुईनें कोरलेल्या बारीक खुणा निघाल्या. दर वेळीं उघडणाऱ्या कारागिरानें त्या केलेल्या असतात. जुनें तेल सुकून गोंदासारखें झालें होतें. घड्याळें बंद पडतात तीं बहुतेक ह्याच कारणानें, आणि तशा स्थितींत चावी देऊन चालविलीं तर आंस झिजतात. एकेक चाक बेंझिनमध्यें धुऊन, माणकांचीं भोंकें टोंकदार काडीनें साफ केलीं. मग सुईच्या टोंकावर मावेल इतकें तेल, तेंहि नेमक्या जागीं. केसासारख्या कमानीस तेलाचा स्पर्शहि होऊं द्यावयाचा नाहीं. मुख्य कमान तुटली होती, ती यंत्राच्या क्रमांकावरून नवी मिळाली. तबकडी त्यांनीं तशीच ठेविली, पाठ नुसती कापडानें पुसली. आपलीहि एक खूण झांकणाच्या आंत कोरली. निघतांना बजावलें कीं रोज सकाळीं एकदां, अडेपर्यंत चावी द्यावी, चार-पांच वर्षांनीं उघडून धुवावें, आणि मोबाइलच्या लोहचुंबकाच्या पाकिटाशेजारीं ठेवूं नये. कमानीचे वेढे एकमेकांस चिकटून घड्याळ पुढें धांवूं लागतें.

माहुरास जाऊन मीं मामांस आंकडे वाचून दाखविले. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. घड्याळ कानाशीं धरून बसले. मग म्हणाले, "आईला आम्हीं उगीच हंसलों."

ठरल्याप्रमाणें घड्याळ माझें झालें होतें. पण तें मागण्याचा धीर मला झाला नाहीं, आणि मामांनींहि तें परत दिलें नाहीं. रोज दीड मिनिट मागें पडतें, असें परवां फोनवर सांगत होते.