संगीत आणि संभाषण

नागपूर जिल्ह्यांतील भिवापूर हें गांव मिरचीसाठीं प्रसिद्ध आहे. अशा बाजाराच्या गांवीं चहाच्या दुकानांतील बांकडें केवळ चहापुरतें नसतें. शेतमालाचा भाव, पावसाची लक्षणें, मुलीच्या लग्नाची बोलणी, सारें तेथेंच होतें. पाराचें व चावडीचें पुष्कळसें काम या बांकड्यानें उचललें आहे. त्या बांकड्यावर संगीत कसें येऊन बसलें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सन १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहर जान हिच्या गाण्यांचें ध्वनिमुद्रण झालें आणि हिंदुस्थानांत ग्रामोफोनचें युग सुरू झालें. त्या कर्ण्याच्या यंत्रास आवाज हवा तितका वाढविण्याची सोय नव्हती आणि तबकडी तीन-चार मिनिटांत संपे. गाणें चालू असतां मंडळी गप्प बसत, तें थांबतांच बोलूं लागत. संगीत व संभाषण यांनीं आपापली पाळी वांटून घेतली होती.

पुढें सन १९२५ च्या सुमारास राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं नव्या पद्धतीचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली. १९४८ च्या जुलैंत नागपूर केंद्र उघडलें. १९५७ सालीं विविध भारती आली. हॉटेलांतील रेडिओ गिऱ्हाइकांस ओढूं लागला. मुंबईच्या इराण्यांकडे नाणें टाकून तबकडी वाजविणारीं यंत्रेंहि आलीं. तरी तेथें गाणें कोणीतरी मागितलेलें असे.

आज शहरांतील पबांत मागणारा कोणी नसतो आणि विसांवाहि नसतो. फ्रेंच वैद्य लोंबार यानें १९११ सालीं दाखवून दिलें कीं, गोंगाटांत मनुष्य नकळत आवाज चढवितो. एक टेबल ओरडूं लागलें म्हणजे शेजारचें त्याहून मोठ्यानें ओरडतें, आणि अखेर कोणाचेंच कोणास ऐकूं येत नाहीं. अनेक आवाजांतून एकच आवाज वेंचून घेण्याची जी शक्ति कानांस आहे, तिचा अभ्यास कॉलिन चेरी यानें १९५३ सालीं प्रसिद्ध केला. वयपरत्वें ही शक्ति क्षीण होते. म्हणून कुटुंबासमवेत आलेले आजोबा नुसती मान डोलावतात, आणि नातवास वाटतें कीं त्यांनीं सारें ऐकलें.

सन २००० च्या ध्वनिनियमांनीं व्यापारी भागांत दिवसा ६५ व रात्रीं ५५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. परंतु ती मुख्यतः बाहेरच्या शेजाऱ्याचें रक्षण करते. आंत बसलेल्या पाहुण्याचें रक्षण मालकाच्या विवेकावर अवलंबून राहतें. तो विवेक महाग नाहीं. यंत्राची कळ थोडी मागें फिरविली कीं काम होतें. गाणें मनुष्यांस एकत्र आणतें हें खरें. पण एकत्र आलेल्यांस एकमेकांशीं बोलतां आलें नाहीं, तर त्या एकत्र येण्याचा हेतूच फसला असें म्हणावें लागेल.