न मागितलेले मांस

धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथातील मांसाहारावरचे प्रकरण वादामुळेच अधिक गाजले. चुंद लोहाराने बुद्धाला वाढलेले ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे मांस, हा अर्थ त्यांनी ग्राह्य धरला. एवढ्यावर न थांबता प्राचीन जैन श्रमणही मांस घेत, असे आगमांच्या आधारे मांडले. जैन समाजात क्षोभ उसळणे स्वाभाविक होते. पण पुरातन काळाला आजच्या नीतीचे वस्त्र नेसवायचे नाही, ही कोसंबींची अभ्यासनिष्ठा त्यात होती. (याच कोसंबींनी १९४७ साली सेवाग्राम येथे अन्नत्याग करून, जैन सल्लेखनेच्या जवळ जाणाऱ्या मार्गाने देह ठेवला, हे विसरू नये.)

या वादात एक गोष्ट मात्र झाकोळली गेली. यज्ञातील पशुवधाला विरोध करणाऱ्या बुद्धाने भिक्षूंना मांस घेण्याची मुभा दिली ती ‘त्रिकोटिपरिशुद्ध’ मांसापुरती. प्राणी आपल्यासाठी मारला हे भिक्षूने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, तशी शंकाही त्याला नसावी. मांस-मासळी पूर्णतः वर्ज्य करावी, ही देवदत्ताची मागणी बुद्धाने नाकारली. आजच्या वाचकाला ही पळवाट वाटते. मारणाऱ्याचे पाप मारणाऱ्याला, खाणारा मोकळा! परंतु विनयपिटकातच आणखी एक नियम आहे. तूप, लोणी, मध, दूध, दही, मासे, मांस ही उंची अन्ने आजारी नसलेल्या भिक्षूने स्वतःसाठी मागून खाल्ली, तर तो दोष ठरतो. पात्रात पडले ते खावे, मागू मात्र नये. माझ्या मते खरी मेख इथे आहे. भिक्षूला निवड नव्हती, म्हणूनच त्याला सूट होती. जिभेने मागणी केली की ती सूट संपते. मांसाच्या पंक्तीला दूध-तुपाला बसवणारा हा नियम शाकाहाऱ्यालाही सुखाने झोपू देत नाही!

त्रिकोटीचा आधार आज मांसाहाराच्या समर्थनार्थ दिला जातो, तेव्हा तो देणारा गृहस्थ भिक्षेकरी नसतो, गिऱ्हाईक असतो. २०१७ साली पुणे महापालिकेत आलेल्या धायरीसारख्या उपनगरात, आषाढ सरत आला की, कोंबडीच्या दुकानांपुढे रांगा लागतात. जो पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बोट दाखवून ‘ही द्या’ म्हणतो, त्याच्या बाबतीत पाहणे, ऐकणे, शंका या तिन्ही कोटी तिथेच मोडतात. शीतपेटीतले बंद पाकीट घेणाऱ्याने काही पाहिलेले नसते, ऐकलेलेही नसते. मागितलेले मात्र असते.