यकृताचा दम



परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट बैलगाडीनें चढावयाचा असेल, तर जाणता गाडीवान ओझ्याआधीं बैलांचा दम पाहील. यकृताच्या कर्करोगावर शस्त्र चालविणाऱ्यांना हा साधा विचार पटावयास मात्र फार काळ लागला.

बर्लिनचे लांगेनबुख यांनीं यकृताचा भाग योजनापूर्वक कापून काढल्याचें वृत्त १८८८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर दीर्घकाळ एकच चिंता होती : रक्तस्राव आवरावा कसा? पॅरिसच्या लोर्ता-जाकोब यांनीं १९५२ सालीं, आधीं रक्तवाहिन्या बांधून यकृताचा उजवा भाग काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ती चिंता पुष्कळ हलकी झाली. पण रोगी शस्त्रक्रियेंतून सुखरूप उठे, आणि कांहीं दिवसांनीं कावीळ चढून, पोटांत पाणी होऊन, शुद्ध हरपून दगावे. निरोगी यकृत कापलें तरी पुन्हां वाढतें. परंतु हा कर्करोग बहुधा मद्यानें किंवा हेपॅटायटिसच्या विषाणूंनीं आधींच निबर झालेल्या यकृतांत उद्भवतो. गांठ जाई, पण उरलेल्या यकृताला देहाचा भार पेलत नसे.

या दमाची मोजणी प्रथम दुसऱ्याच कामासाठीं निघाली. यकृतविकारांत तुंबलेल्या रक्ताला वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेसाठीं चाइल्ड व टर्कॉट यांनीं १९६४ सालीं पांच लक्षणें धरलीं : रक्तांतील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूची गुंगी आणि पोषण. १९७३ सालीं लंडनच्या प्यू व सहकाऱ्यांनीं पोषणाऐवजीं रक्त गोठण्याचा वेळ घेतला व गुण ठरविले. ५-६ गुणांचा रोगी चांगला. १० किंवा अधिक गुणांचा अतिशय धोक्याचा.

तथापि चांगल्या वर्गांतील रोग्याचें यकृत किती कापावें, हें त्यांतून कळेना. तें माप जपाननें दिलें. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग शिरेंतून दिला असतां यकृतच तो रक्तांतून उचलतें. टोकियोच्या माकूची यांच्या नियमाप्रमाणें, कावीळ व न हटणारा जलोदर नसतां, १५ मिनिटांनीं शेंकडा १० हून कमी रंग उरला तर मोठा भाग काढतां येतो. शेंकडा २० ते ३० उरला तर एखादाच लहान खंड. पुढें सी. टी. चित्रांवरून उरणाऱ्या यकृताचें आकारमानही मोजूं लागले. निरोगी यकृताचा शेंकडा २० ते २५ भाग पुरतो. निबर यकृताचा सुमारें शेंकडा ४० लागतो.

मेळघाटांतून अमरावती, नागपूर किंवा मुंबई गांठणारा रोगी विचारतो, ‘गांठ निघेल ना?’ त्यानें आणखी एक प्रश्न विचारावा : ‘उरेल तें यकृत मला पोशील ना?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया नाकारून दुसरा उपचार सुचविला, तर ती हेळसांड नव्हे. घाटाच्या पायथ्याशींच गाडी थांबविणारा गाडीवानही शहाणाच असतो.